त्याच्या तोंडचं एक वाक्य

ऑक्टोबरच्या दुपारी शेतातून गेलं की वाळलेल्या सोयाबीनच्या शेंगा तडकताना ऐकू येतात. कुणीतरी लांब बसून बोटं मोडत असावं, असा तो बारीक आवाज असतो. म्हणून तर आमच्याकडे सोंगणी पहाटेच्या दवात करतात. ऊन चढलं की शेंग फुटते आणि दाणा मातीत जातो. सोंगलेलं पीक शेताच्या मध्यावर रचून ठेवायचं, वर ताडपत्री टाकायची आणि हडंब्याची, म्हणजे मळणीयंत्राची, पाळी येण्याची वाट पाहायची. या ढिगाला आम्ही सुडी म्हणतो. सध्या चिखलीला शाळेत शिकवायला जाताना रस्त्याच्या दोन्ही बाजूंना निळ्या, पिवळ्या, काळ्या ताडपत्र्या पांघरून सुड्या बसलेल्या दिसतात. अमडापूरकडून येणाऱ्या गाड्यांवर कुटाराची, मळणीत उडणाऱ्या भुशाची, धूळ असते. ती अंगाला लागली की खाज सुटते आणि संध्याकाळी आंघोळ केल्याशिवाय जेवण गोड लागत नाही.

हा हंगाम लोकांना आवडतो. दसऱ्यापासून घरात काहीतरी येत असतं. मला मात्र या दिवसांत रॉकेलचा वास येतो. कुठेही रॉकेल नसतं तरी येतो.

एका वर्षी याच दिवसांत आमची सुडी जळली. पेटवली. हा शब्द मी मुद्दाम लिहितो, कारण तलाठ्याच्या पंचनाम्यात ‘अज्ञात इसमाने’ असं आलं आणि बाबांनी त्यावर सही केली. अज्ञात कुणीच नव्हता. माझा सख्खा चुलतभाऊ शांतवन होता. बाबांच्या थोरल्या भावाचा मुलगा, माझ्याहून वयाने मोठा, म्हणून मी त्याला भाऊ म्हणत आलो. त्याचं शेत आमच्या शेताला लागून आहे. मधला धुरा, म्हणजे बांध, तो दरवर्षी नांगराच्या एकेका तासाने आमच्या शेतात ढकलत होता. बाबांनी शेवटी सरकारी मोजणी आणली आणि ती आमच्या बाजूने निघाली. मोजणीदार गेल्यावर तो धुऱ्यावर उभा राहून बाबांना म्हणाला, “काका, जमीन घ्या तुमी. सोयाबीन घरी कसं नेता थे पाह्यतो मी.”

रविवार आमच्या गावच्या बाजाराचा दिवस. मजूर सुट्टी घेतात, शेतं ओस पडतात. आम्ही सगळे चर्चमध्ये होतो. पत्र्याचं छोटं चर्च, उन्हात पत्रा कडकड वाजतो. आमच्या घराण्याची बसायची जागा ठरलेली, डावीकडचा तिसरा बाक. त्या दिवशी भाऊची जागा रिकामी होती. उपदेश निम्मा झाल्यावर तो आला, माझ्या शेजारी बसला आणि पुढच्या गीताला सगळ्यांत मोठा आवाज त्याचाच. धाप लागलेली होती, तरी गात होता. त्याच्या हाताला रॉकेलचा वास येत होता. मला वाटलं, स्टोव्ह पेटवून आला असेल. मग दारात नामदेवकाका आले. आमचे शेजारी, माळकरी माणूस, चर्चच्या पायरीवर कधी चढले नव्हते. ते चपलांसकट आत येऊन ओरडले, “अरे, प्रार्थना काय करता, तुमची सुडी पेटली ना बे!”

आम्ही धावलो. भाऊही धावला. हे मी कधी विसरणार नाही. विहिरीतून बादल्या भरून तो आमच्या बरोबरीने ओतत होता, घामाने निथळत होता, “पानी आना, पानी आना” म्हणत होता. माझ्या हातातली बादली त्याने घेतली आणि त्याची रिकामी बादली मला दिली. आम्ही दोघांनी मिळून त्याने लावलेली आग विझवली.

सोयाबीन जळताना छान वास येतो. हे सांगायला लाज वाटते, पण तसंच आहे. तेलात काहीतरी खमंग भाजावं तसा. आजही कुठे फुटाणे भाजत असले की माझ्या तोंडाला आधी पाणी सुटतं आणि मग जबडा आवळतो.

पोलिसांत जा, असं मी बाबांना त्याच संध्याकाळी म्हटलं. ते ओट्यावर बसून काजळी लागलेले हात राखेनेच घासत होते. ते म्हणाले, “आपण फेडाले लागलो, त मंग त्याचं काय काम राह्यलं?”

“कोणाचं?”

“वरच्याचं. त्यानं सांगून ठेवलं हाय, मी फेडन. तू काऊन मधात पडतं?”

“कधी फेडन तो?”

“थे त्याले माहीत. आपलं काम वाट पाह्यनं.”

बाबांचा विश्वास असा होता. तुळईसारखा, ओझं अंगावर घेणारा आणि आवाज न करणारा. त्यांना वचन म्हणजे वचन. देव म्हणाला फेडीन, तर तो फेडणार, आणि कसं व कधी हे विचारणं म्हणजे त्याच्यावर पाळत ठेवणं. मी त्यांचा मुलगा, पण तो विश्वास मी अर्धाच घेतला. देव फेडेल, एवढं घेतलं. वाट पाहण्यातली शांती घेतली नाही. मी पाळतच ठेवली. देवावरही आणि भाऊवरही.

आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चच्या लोकांत, कापणीचा सण असतो. ज्याच्या घरी जे पिकलं त्यातलं पहिलं आणून वेदीपुढे ठेवायचं. ज्वारीची कणसं, भोपळे, एखादी कोंबडी पाय बांधून, कुणी लोणच्याची बरणी, शिकलेली पोरं मिठाईचा डबा. उपासना झाली की अंगणात त्यांचा लिलाव होतो आणि पैसे मंडळीच्या कामाला जातात. लिलाव पुकारायला एक जीभ चालणारा माणूस लागतो. आमच्याकडे पीटरमामा होते. ते भोपळ्याचीसुद्धा सोयरीक जमवल्यासारखी बोली लावायचे. “पाहा, पाहा, गोरी हाय, भरल्या अंगाची हाय, घरी गेली की पाच दिवस पुरते!” बाया पदर तोंडाला लावून हसायच्या.

त्या वर्षी बाबांनी सुपात जळकं सोयाबीन नेलं. निम्मे दाणे काळे, निम्मे तपकिरी, काही फुटलेले. मी म्हटलं, “बाबा, हे देवापुढं ठेवता?” ते म्हणाले, “आपली कापणी हेच हाय. खोटं काय ठेवू?” वेदीपुढे पांढऱ्या कापडावर ते सूप ठेवलं आणि सगळ्या चर्चमध्ये धुराचा वास पसरला. गाणी म्हणताना लोक खाकरत होते. भाऊ तिसऱ्या बाकावर खाली मान घालून बसला होता. मला वाटलं, आता हा फुटणार. आता उठून म्हणणार. मी माझ्या गुडघ्यावर बोटं वाजवत होतो.

लिलावात त्या सुपाची पाळी आली तेव्हा पीटरमामांनी सवयीने सुरुवात केली, “घ्या, भाजून आणलं हाय, घरी भाजाचा तरास नाई!” एक पोरगी हसली आणि लगेच थांबली. कुणी बोली लावेना. माणसं चपलांकडे पाहू लागली. मी बोली लावायला हात उचलला, कारण आमचं दुःख तिथे पडून राहावं हे मला सहन होईना. बाबांनी माझं मनगट धरून खाली ओढलं. मग मागून आवाज आला. भाऊ. त्याने बोली लावली, भोपळ्यापेक्षा जास्त, कोंबडीपेक्षाही जास्त. पीटरमामांनी एकदा, दोनदा, तीनदा म्हणायच्या आत सूप उचलून त्याच्या हातात दिलं. त्याने बायकोच्या टॉवेलात दाणे ओतून घेतले. बाबा पुढे झाले आणि त्याला हळूच म्हणाले, “फेकू नको मात्र.”

“नाई, काका,” तो म्हणाला.

बस. एवढंच. घरी येताना मी बाबांना विचारलं, “त्याची लाज काढाले नेलं का तुमी?” त्यांनी रिकामं सूप या काखेतून त्या काखेत घेतलं. मग म्हणाले, “मले काय माहीत, कोण घेईन?” त्यांचा चेहरा मला वाचता आला नाही. आता वाटतं, त्यांनी त्याच्यासाठी दार उघडं ठेवलं होतं आणि तो दारापर्यंत येऊन, दाणे घेऊन परत गेला. मला मात्र त्या दिवशी एकच कळलं. त्याने पैसे देऊन सुटका करून घेतली. कबुली लिलावात मिळते, असं त्याला वाटलं.

तेव्हापासून मी त्याच्या तोंडून एक वाक्य ऐकायची वाट पाहतो आहे. ‘मी पेटवली.’ बाकी काही नको. जमीन नको, भरपाई नको. त्याने ते माझ्यासमोर म्हणावं आणि म्हणताना त्याचा आवाज फाटावा.

आमच्या चर्चमध्ये प्रत्येक जण कशाची तरी वाट पाहतो. एस्तेरमावशी सुरतेला गेलेल्या मुलाची. नवं लग्न झालेलं जोडपं लेकराची. चर्चचे पाळकसाहेब पत्र्याऐवजी स्लॅबची. प्रार्थनेच्या वेळी सगळे डोळे मिटतात आणि आपापलं वचन देवापुढे धरतात. मीही धरत होतो. माझ्या शेजारच्या आयाबाया लेकरं-बाळं मागत होत्या आणि त्याच बाकावर, तेच डोळे मिटून, मी एका माणसाचं वाटोळं मागत होतो. आमच्या शास्त्रात, बायबलात, शत्रूचे दात पाड म्हणणारी स्तोत्रं आहेत. पाळकसाहेब ती उपासनेत वाचत नाहीत. मी घरी वाचतो. मला ती पाठ आहेत.

आणि देव काय करत होता? एका मार्चमध्ये गारपीट झाली. आमचा गहू आडवा झाला, धुऱ्यापलीकडे त्याचा उभा. ढगसुद्धा मोजणी करून आला होता जणू. पुढे त्याने ट्रॅक्टर घेतला, हार घालून चर्चपुढे आणून उभा केला आणि पाळकसाहेबांनी त्यावर आशीर्वादाची प्रार्थना केली. मी ‘आमेन’ म्हटलं नाही. ओठ हलवले. त्याच्या मुलीच्या लग्नात मंडप इतका मोठा की गाव मावलं. मी गेलो, जिलेबी खाल्ली, परत मागून खाल्ली आणि लाइट जावी म्हणून मनात धावा केला. लाइट गेली नाही. त्याने जनरेटर आणला होता.

नामदेवकाका मला चिडवायचे. “विजू, तुमचा देव लय सावकाश हाय बे. आमच्या मारुतीले एक नारय फोडलं असतं ना, त आतापर्यंत शांतवन चारी मुंड्या चीत असता.”

“काका, आमच्यात नारळ फोडत नाहीत.”

“म्हून तर रखडलं तुमचं काम!” आणि खो खो हसायचे. मी हसायचो आणि रात्री अंथरुणावर पडल्यावर मला खरंच वाटायचं, रखडलंच आहे.

बाबा आजारी पडले तेव्हा भाऊ रोज यायचा. खाटेच्या पायथ्याशी बसून त्यांचे पाय चेपायचा. मी दारात उभा राहून त्याच्या ओठांकडे पाहायचो. बाबांना तो पावसाबद्दल सांगायचा, बाजारातल्या भावाबद्दल सांगायचा. हे एक वाक्य सोडून जगातलं सगळं त्याला बोलता येत होतं. बाबा शेवटपर्यंत त्याला “ये बाप्पा, बस” म्हणत राहिले. आणि ते गेल्यावर पेटीचा पुढचा कोपरा त्याने खांद्यावर घेतला, मागचा मी. कबरस्तानापर्यंत मी त्याची मान पाहत चाललो. घामाची एक धार कॉलरमध्ये जात होती. बापाला मातीत द्यायला निघालेला माणूस मी, आणि माझ्या मनात बाप नव्हता, ती मान होती. याबद्दल मला त्या दिवशी लाज वाटली नाही. पुढे वाटली. अजून वाटते. पण लाज वाटल्याने मान दिसायची थांबत नाही.

यंदा पोळ्याच्या आसपास, शेंगा भरत असताना, नामदेवकाका सकाळीच दारात आले. या वेळी चपला बाहेर काढून. “आयकलं का बे विजू? शांतवनले झटका आला. उजवं अंग गेलं. बुलढाण्याले नेलं.” आणि थोडं थांबून, डोळे बारीक करून, “लागला का नाई निकाल?”

मी आत गेलो आणि बायकोला आणखी एक कप चहा मागितला. तो चहा मी सावकाश प्यालो. इतका चांगला चहा मी कितीतरी वर्षांत प्यालो नव्हतो. बायको माझ्याकडे पाहत होती. ती म्हणाली, “अहो, तुमी हसून राह्यले का?” मी म्हटलं, नाही. मी हसतच होतो. बाबांच्या फोटोकडे पाहून मनात म्हटलं, पाहा, तुमचा वरचा विसरला नव्हता.

तो आनंद दवाखान्यातून तो घरी येईपर्यंत टिकला. मग त्याला भेटून आलेल्या पाळकसाहेबांनी सांगितलं, “माणूस ओळखतो, समजतं सगळं. फक्त वाचा गेली.”

वाचा गेली.

मी शाळेत फळ्यापुढे उभा होतो आणि हातात खडू तसाच राहिला. देवाने हात नेला, पाय नेला, ते ठीक होतं. पण मला ज्या तोंडून ऐकायचं होतं, नेमकं तेच तोंड त्याने बंद केलं. इतकी वर्षं मी ज्या एका वाक्यासाठी विश्वास धरला, त्या वाक्याची वाटच देवाने बुजवून टाकली. हे फेडणं कुणाचं? त्याचं की माझं? त्या दिवशी मी देवाशी जसा भांडलो, तसा भाऊशीही कधी भांडलो नव्हतो. मोटारसायकल रस्त्याच्या कडेला लावून, हेल्मेटच्या आत, मोठ्याने. बाजूने एसटी गेली, खिडकीतली माणसं पाहत होती. मी म्हटलं, तुला सूड घेतासुद्धा येत नाही.

मी मंडळीचा पंच आहे. हे लिहिताना हात अडखळतो, पण आहे. आमच्यात कुणी अंथरुणाला खिळलं आणि घरच्यांनी बोलावलं की पाळक आणि पंच तेल घेऊन जातात, आजाऱ्याच्या कपाळाला तेल लावतात, डोक्यावर हात ठेवून प्रत्येक जण प्रार्थना करतो. मागच्या आठवड्यात वहिनीने, भाऊच्या बायकोने, निरोप पाठवला. जायला नको म्हणायला मला कारण सापडेना. खरं कारण सांगता येत नव्हतं.

सायंकाळ होती. त्यांच्या अंगणात हडंबा नुकताच थांबला होता, कुटार अजून हवेत होतं. भाऊ खुर्चीत, उजवा हात मांडीवर कुणीतरी आणून ठेवल्यासारखा, तोंडाचा एक कोपरा ओघळलेला. मला पाहून त्याचे डोळे हलले. वहिनी म्हणाली, “भाऊजी, त्यायले बोलता येत नाई, पण तुमी आले थे समजलं पाहा.”

पाळकसाहेबांनी कपाळाला तेल लावलं, लांब प्रार्थना केली. शेवटी सगळे ‘आमेन’ म्हणाले, भाऊचे ओठ नुसते थरथरले. दुसऱ्या पंचांनी केली. पुन्हा ओठ थरथरले, आवाज नाही. मग माझी पाळी. मी म्हटलं, “मी मनात करतो.” आणि हात ठेवला.

त्याचं डोकं गरम होतं. केस विरळ झाले होते. हा माणूस मला विहिरीत पोहायला शिकवायचा, पोटाखाली तळहात धरून. ते डोकं हाताखाली आल्यावर मला ते आठवलं आणि आठवलं याचा राग आला. मी डोळे मिटले आणि मनात म्हटलं: प्रभू, हा जोवर ते बोलत नाही, तोवर याला उठवू नकोस. याची जीभ सोड, फक्त तेवढ्यापुरती. माझ्यासमोर सोड. आणि तेही जमत नसेल, तर असाच ठेव. असाच, डोळे उघडे, सगळं समजणारा, आणि मी रोज समोर दिसणारा.

मी हात काढला.

“आमेन,” भाऊ म्हणाला.

स्पष्ट. जाड आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल इतकं स्पष्ट. वहिनीने किंकाळी मारली आणि माझे दोन्ही हात धरले. “भाऊजी! बोलले! दवाखान्यातून आल्यापासून पह्यला शब्द! कोणाच्या प्रार्थनेले नाई बोलले, तुमच्याच बोलले!” ती रडत होती. “रोज या. तुमचाच हात पाह्यजे त्यायच्या डोक्यावर. येसान ना?”

“हाव,” मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो?

भाऊ माझ्याकडे पाहत होता. त्या डोळ्यांत काय होतं, हे मी सांगू शकत नाही. त्याला कळलं असेल का? मी काय मागितलं ते, आणि कळूनच त्याने आमेन म्हटलं असेल का? डॉक्टर म्हणतात, वाचा गेलेल्या माणसाला पाठ असलेले शब्द आधी येतात, प्रार्थनेतले, शिव्यांतले. त्यात अर्थ शोधू नका. मी डॉक्टरांचं ऐकून घेतलं.

आता शाळा सुटली की मी घरी न जाता तिकडे वळतो. वहिनी खुर्ची ओट्यावर आणून ठेवते. मी हात ठेवतो, तो डोळे मिटतो. रोज मी तेच मागतो, कधी त्याच शब्दांत, कधी त्याहून वाईट शब्दांत. एखाद्या दिवशी मधेच शब्द संपतात आणि मी नुसता हात ठेवून उभा राहतो. तो दर वेळी आमेन म्हणतो. त्याशिवाय अजून एकही शब्द आलेला नाही. वहिनीला वाटतं, मी त्याच्या बरं होण्यासाठी येतो. मी त्याच्या दुसऱ्या शब्दासाठी जातो.